आक्कांची ठेवणीतली चूक

आक्कांनी मांडलेल्या कुठल्याही गोष्टीत एक चूक असायची. ती चूक आक्का स्वतःच्या हाताने ठेवायच्या, चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघायच्या, पुन्हा पुढे येऊन बोटभर सरकवायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, आता झालं." आणि मी, ड्रॉइंगचा डिप्लोमा घेतलेला, टी-स्क्वेअरशिवाय पाऊल न टाकणारा तेवीस वर्षांचा शहाणा, कपाळावर हात मारून घ्यायचो. अडीच वर्षांत तो इतक्या वेळा मारला, की आज माझ्या डोक्यावर पुढचे केस नाहीत याचं श्रेय मी वडिलांकडच्या घराण्याला न देता आक्कांना देतो.

नगरच्या तोफखाना भागात एका जिन्यावरच्या खोलीत आक्कांचा कारखाना होता. खाली पाटी होती, 'मांडणी करून मिळेल'. बस, एवढंच. कसली मांडणी, कुणाची मांडणी, काही नाही. लग्नातलं रुखवत, दुकानाचं उद्घाटन, दिवाळीचा सेल, शेतकी प्रदर्शनातला स्टॉल, जे चार दिवस उभं राहून पाचव्या दिवशी मोडायचं असतं ते सगळं आक्का मांडून देत. आता असल्या कामाला इंग्रजी नावं आहेत आणि ती करणारी माणसं गार हवेच्या खोलीत बसतात. तेव्हा आम्ही तिघं होतो. आक्का मुख्य, मी पाट्या रंगवायला आणि नकाशे काढायला, आणि गेनबा बांबू बांधायला. गेनबा मूळचा शेवगावकडचा, मांडवाच्या कामात मुरलेला. त्याला कुठल्याही अडचणीवर एकच उपाय ठाऊक होता. "सुतळी हाय ना? मंग लई बोलू नका."

आक्का मला नावाने कधी हाक मारत नसत. पहिल्याच दिवशी मी आलेख कागदावर काढलेला नकाशा त्यांच्यापुढे पसरला तेव्हापासून माझं नाव 'प्लॅन' पडलं. "ए प्लॅन, खळ शिजव." "प्लॅन जेवला का रे, गेनबा?" वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे मला प्लॅन म्हणू लागले. माझ्या आईकडे एकदा कुणीतरी "प्लॅन आहे का घरात?" असं विचारत आलं, तेव्हा तिला वाटलं नगरपालिकेची माणसं भिंत पाडायला आली.

चूक ठेवायची ही विद्या आक्कांना रुखवतानं शिकवली होती. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी भरवलेलं प्रदर्शनच. हळकुंडांची बैलगाडी, सुपारीचे भटजी, करंज्यांचे डोंगर, लोकरीची कुत्री. आणि ते बघायला येणारी वरमाय म्हणजे परीक्षक. आक्कांनी पहिलं रुखवत मांडलं ते मामेबहिणीचं. "तीळभर नाव ठेवायला जागा नव्हती त्यात," त्या सांगायच्या. "विहीणबाई दोन फेऱ्या मारून आल्या. काही सापडेना. तोंड एवढंसं झालं बाईचं. मग वळल्या आणि म्हणाल्या, रुखवत छानच आहे हो, मुलगी मात्र फोटोत उंच दिसत होती." आणि पुढे म्हणायच्या, "ते वाक्य माझ्या बहिणीला जन्मभर पुरलं. नाव ठेवायला आलेलं माणूस रिकाम्या हातानं परत जात नसतं रे. त्याच्यासाठी आपणच काहीतरी काढून ठेवावं. म्हणजे ते बाकीच्याला हात लावत नाही."

पुढच्या रुखवतापासून त्यांनी हळकुंडांच्या गाडीचा एक बैल उलट्या तोंडाने जुंपायला सुरुवात केली. वरमाय यायची, बैल बघायची, "अगंबाई, हा बघा कुणीकडे चाललाय!" म्हणून हसायची, स्वतःच्या हाताने तो वळवायची आणि उरलेलं लग्न गोड व्हायचं.

पण हे आक्कांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्या विधवा होत्या. आदल्या दिवशी जाऊन रुखवत मांडायचं, आणि वऱ्हाड यायच्या आत मागच्या दाराने निघून यायचं, अशी पद्धत होती. कुणी त्यांना जा म्हणत नसे आणि थांबा तर मुळीच म्हणत नसे. बैल वळवला की नाही, हे त्यांना दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाकडून कळायचं. म्हणून त्यांनी दुकानांची आणि प्रदर्शनांची कामं धरली. "तिथं मला उभं राहता येतं," असं त्या एकदाच, टाचण्या मोजता मोजता बोलल्या. आपण मांडलेल्या वस्तूंशेजारी उभं राहून लोकांची तोंडं बघायची, एवढीच त्या बाईची चैन होती. बाकी चहासुद्धा त्या बिनसाखरेचा पीत.

आता माझं सांगतो. पहिलं काम कापड बाजारातल्या एका दुकानाच्या दिवाळी सेलचं. मी दोन दिवस फूटपट्टी घेऊन घालवले. एकेका लुगड्याची घडी मोजून लावली. काठ काठाशी जुळला, रंग रंगाला भिडला. रात्रीतून उंदरानेसुद्धा कौतुक करावं अशी मांडणी. सकाळी येऊन बघतो तर बरोबर मध्यावरचं, नजरेच्या उंचीवरचं, एक हिरवं ठाण उलटं! आतली बाजू बाहेर! मी धावलो, तर आक्कांनी माझा सदरा मागून धरला.

"हात लावायचा नाही."

"आक्का, उलटं आहे ते!"

"मग? मला काय दिसत नाही?"

तेवढ्यात शेठ आले. पोट पुढे, चष्मा कपाळावर. सगळीकडे बघून "हूं" म्हणाले. आणि एकदम सिंहाने गर्जना करावी तसे ओरडले, "अहो बाई! हे ठाण उलटं!"

आक्कांचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! खरंच की! शेठ, तुमची नजर म्हणजे..." आणि मग माझ्याकडे बोट. "नवीन आहे हो हा. शिकेल हळूहळू."

शेठनी स्वतः ठाण सरळ केलं, हात झटकले आणि दिवसभर येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत राहिले, की मी होतो म्हणून दिसलं, नाहीतर हे आजकालचे डिप्लोमावाले! उरलेल्या मांडणीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या दिवाळीचं कामही आम्हालाच दिलं. मी मात्र संध्याकाळपर्यंत गल्ल्याशेजारी गुन्हेगारासारखा उभा.

असं अडीच वर्षं चाललं. अडीच वर्षं मी नवीन होतो! माणूस एवढ्या काळात कुठेही कायम होतो. आक्कांचा नवीन तो नवीनच राहिला. माणूस बघून चूक ठरायची. डॉक्टरांसाठी घड्याळ पाच मिनिटं मागे, पुढाऱ्यांसाठी एक हार आखूड, वकिलांसाठी एक खुर्ची डुगडुगती. "डॉक्टरांना उलटं ठाण दिसायचं नाही," आक्का समजावून सांगायच्या. "ज्याला जे कळतं त्यातली चूक द्यावी. म्हणजे त्याला वाटतं, आपलं शिक्षण वाया गेलं नाही." मी भांडायचो. म्हणायचो, ही फसवणूक आहे, ही कलेची विटंबना आहे. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. खळ उतू चाललीय."

माझ्या नकाशांची तर त्यांनी कधी पत्रास ठेवली नाही. एकदा संगमनेरला दुधाच्या संघाचा स्टॉल होता. मी तीन रात्री जागून एक इंचाला एक फूट प्रमाणात आराखडा काढला, रंग भरले, माणसांच्या सावल्यासुद्धा दाखवल्या. आक्कांनी तो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, "छान आहे" म्हणाल्या आणि त्यावर गवार मोडायला बसल्या. मी किंचाळलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "कागदावर सगळं तुझं ऐकतं रे. माल ऐकत नाही." मग जागेवर जाऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर दारात फतकल मारून बसल्या. त्यानंतर उभ्या राहून बघितलं. मग डोक्यावर टोपली आहे असं समजून मान ताठ धरून चालत आल्या. "बायकांच्या डोक्यावर ओझं असतं, त्यांना वरचं दिसत नाही," असं म्हणून माझी सगळ्यात सुंदर रंगवलेली, छताजवळची पाटी त्यांनी कमरेच्या उंचीवर आणवली. गेनबाने ती सुतळीने बांधली. मी बाहेर जाऊन उसाचा रस प्यालो, कारण दुसरं काही केलं असतं तर पोलीस आले असते.

आणि शेवगावचं ते बी-बियाण्यांचं दुकान! ते माझं दुकान होतं. आक्का तापाने पडल्या होत्या म्हणून सगळं मीच केलं. भिंती पांढऱ्याशुभ्र, फरशीवर चकचकीत मेणकापड, बियाण्यांच्या पिशव्या सैनिकांसारख्या रांगेत. उद्घाटन झालं, पेढे वाटले आणि त्यानंतर दोन दिवस दुकानात माणूस शिरला नाही. लोक यायचे, उंबऱ्यापाशी थांबायचे, पायांकडे बघायचे, फरशीकडे बघायचे आणि बाहेरूनच "बाजरी हाय का?" विचारून पुढे जायचे. एका म्हाताऱ्याने तर पायताण काढून आत हात जोडले. मालक रडकुंडीला आला. तिसऱ्या दिवशी आक्का अंगात ताप घेऊन एस.टी.ने आल्या. आत आल्या, सगळं बघितलं आणि गेनबाला म्हणाल्या, "बाहेरच्या चिखलात पाय घाल." गेनबाने घातले. "आता आत चाल." गेनबा माझ्या मेणकापडावरून दारापासून गल्ल्यापर्यंत चालत गेला आणि तितक्याच थाटात परत आला. "अजून एकदा," आक्का म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. मग दारात एक गोणपाट टाकलं, दोन पिशव्या फोडून त्यातलं धान्य सुपात ओतलं आणि म्हणाल्या, "हं, आता झालं." अर्ध्या तासात दुकान भरलं. जो तो सुपात हात घालून दाणे तळहातावर घेत होता. "शेतकरी दाणा हातात घेतल्याशिवाय बोलत नाही," आक्का मला म्हणाल्या, "आणि पाय मळके असले की आत येत नाही. तू त्याला दोन्हीकडून अडवलास." त्या बाईचं चुकत का नाही, याचा मला मनापासून संताप यायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधीच्या साली पाऊस कमी, त्या साली जवळजवळ नाहीच. गावंच्या गावं खडी फोडायला गेली. लग्नं झाली ती चार माणसांत, रुखवताचं नाव कुणी काढेना. आमच्या खोलीत हळकुंडांचे बैल डब्यात पडून राहिले. अशात एक दिवस सासरच्या गावाहून, बेलापूरहून, आक्कांचे दीर आले.

भाऊजी म्हणजे सहा फूट उंचीचा, पांढऱ्या टोपीचा, कमी बोलणारा शेतकरी. माणूस वाईट नव्हता. पण जिना चढून वर आल्यावर त्यांनी खोलीतल्या बांबूंकडे, रंगाच्या डब्यांकडे, कापसाच्या हत्तीकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी विसरलेलो नाही. खोली त्यांच्या नावावर होती. थोरला भाऊ गेल्यावर वहिनींना त्यांनी ती राहायला दिली होती.

"वहिनी," ते म्हणाले, "लई झालं आता. लोकांच्या दुकानात सामान लावीत फिरायचं, हे काय आपल्या घरच्या बाईचं काम हाय? साल असं वंगाळ. बेलापूरला चला. आमाला तुमी जड न्हाई."

"कधी?" आक्कांनी विचारलं.

"दिवाळीच्या आत."

आक्कांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "भाऊजी, मी काय करते ते तुम्ही कधी बघितलंच नाही. शेवगावला प्रदर्शन आहे, कमी पाण्यावरच्या शेतीचं. तिथं खरेदी-विक्री संघाचा स्टॉल मी मांडतेय. एकदा येऊन बघा. मग तुम्ही म्हणाल तसं. किल्ली तिथंच देईन."

भाऊजींनी बराच वेळ बशीत फुंकर घातली. "बगतो येऊन," एवढंच म्हणाले.

त्या बियाण्यांच्या दुकानामुळेच तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या चेअरमननी आक्कांना बोलावलं होतं. संघ पाच गावांत बियाण्यांची दुकानं काढणार होता. स्टॉल पसंत पडला तर पाचही दुकानं आक्कांची. पण दिराने किल्ली मागितली, तर पाच काय पन्नास दुकानं मिळून उपयोग नव्हता. बेलापुरात आक्कांना भाकरी मिळाली असती, मान मिळाला असता, आणि कुणाच्या घरी काही मांडायला गेल्या तर मागचं दार. हे त्यांनाही कळत होतं, मला कळत होतं आणि गेनबालाही. तो त्या आठवड्यात सुतळीचं नावसुद्धा काढत नव्हता.

आक्कांनी तो स्टॉल मांडला तसा मी पुन्हा कुणी मांडलेला पाहिला नाही. एका बाजूला वाळलेल्या बाजरीच्या ताटांची भिंत, तिच्यापुढे मातीचे थर दाखवणारी पेटी, ओल कुठे टिकते ते बोट घालून बघता येईल अशी. मधोमध एक खरीखुरी तिफण. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तिफण म्हणजे पेरणीचं तीन फणांचं अवजार. वर लाकडी चाडं असतं, त्यात मुठीने बी सोडायचं, आणि ते तीन पोकळ नळ्यांतून खाली तीन फणांपाशी जमिनीत पडतं. चेअरमनसाठी ठेवलेली चूक मला ठाऊक होती. त्यांच्या डोक्याच्या उंचीवरच्या तोरणात लोंबणाऱ्या कणसांपैकी एक डोकं वर, देठ खाली असं लावलं होतं. आक्कांनी मला बजावून सांगितलं होतं, "कणसाला हात लावलास तर बघ." मी म्हटलं, नाही लावत.

उद्घाटनाच्या सकाळी मी लवकर जाऊन सगळीकडून फडकं फिरवत होतो. आणि फडकं फिरवता फिरवता मी थबकलो. तिफणीच्या तीन नळ्यांपैकी मधली नळी फणात बसलेलीच नव्हती! नुसती बाजूला लोंबत होती. त्यातलं बी जमिनीत न जाता वरच सांडलं असतं. मी गेनबाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आणि एवढं कळू नये! आणि खरं सांगू? मला आनंद झाला. अडीच वर्षांत पहिल्यांदा मला, मला स्वतःला, एक चूक सापडली होती. मी नळी नीट बसवली, दोनदा हलवून बघितली, हात झटकले. त्या शेठसारखे.

दहा वाजता चेअरमन आले. सगळं बघून "हूं" म्हणाले. कणीस सापडलं. "अहो, हे उलटं!" "अगंबाई, खरंच की! नवीन आहे हो हा." चेअरमननी कणीस सरळ केलं, खूश झाले आणि तिथल्या तिथे पाचही दुकानांचं काम आक्कांना सांगून टाकलं. मी मान खाली घालून उभा होतो, पण आतून उड्या मारत होतो. नळीची गोष्ट आक्कांना कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर भाऊजी आले. आक्का त्यांच्या मागे दोन पावलं. भाऊजींनी बाजरीच्या भिंतीकडे बघितलं नाही, मातीच्या पेटीकडे बघितलं नाही. सरळ तिफणीपाशी गेले, ते तिथेच जाणार हे आक्कांना ठाऊक होतं. खाली उकिडवे बसले. एकेका फणावरून हात फिरवला. मग पहिली नळी ओढून बघितली. मग मधली.

मधली नळी पक्की होती.

आक्कांनी नळीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं ते मी मराठीत लिहू शकत नाही. चेअरमनची चूक कणीस होती. ही भाऊजींची होती! त्या माणसाला तिफणीइतकं जगात दुसरं काही कळत नव्हतं, आणि नेमकी तीच त्याच्यासाठी सजवून ठेवलेली लोंबती नळी मी, अतिशहाण्याने, सकाळी उठून घट्ट बसवली होती.

भाऊजी उठले. स्टॉलला एक फेरी मारली. दुसरी मारली. कुठे काही सापडेना. त्यांचं तोंड हळूहळू कठीण होत गेलं. मला वाटलं, आपणच काहीतरी वातावरण हलकं करावं. म्हणून मी पुढे झालो, ब्रश कानावर खोचलेला, सामानाची पिशवी खांद्यावर, आणि अगदी घरच्यासारखा म्हणालो, "आक्का, उन्हाचे आलेत, चहा सांगू का?" आणि तहान लागली होती म्हणून आक्कांच्याच तांब्यातलं पाणी वरून घटाघटा प्यालो.

भाऊजी वळले. "ह्यो कोन?"

"कामाला असतो माझ्याकडे," आक्का म्हणाल्या.

"तोफखान्यातल्या खोलीत?"

"दिवसा."

"लगीन झालंय का याचं?"

"नाही."

बाहेर कर्ण्यावर कुणीतरी हरवलेल्या मुलाचं वर्णन सांगत होतं. भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मांडनी बरी हाय. पन एक बाई माणूस, आन हे असलं उंडगं पोरगं दिसभर घरात. बेलापूरला चार लोक काय बोलतील? ह्यात मला खोट दिसती."

मी तोंड उघडलं. काहीतरी बाणेदार बोलणार होतो. पण त्याआधी मला तो आवाज ऐकू आला.

"अगंबाई!"

आक्कांचा हात तोंडावर होता. तोच हात, तेच डोळे, शेठसमोरचे. "खरंच की, भाऊजी! माझ्या मेलीच्या लक्षातच आलं नाही! तुमची नजर म्हणजे... घरातलं मोठं माणूस असं पाठीशी असावं." आणि माझ्याकडे बोट. "ए. उद्यापासून यायचं नाही. ऐकलंस ना? पिशवी ठेव खाली."

मी पिशवी ठेवली नाही, आक्कांकडे बघत राहिलो. भाऊजींनीच पुढे येऊन ती माझ्या खांद्यावरून काढली, सावकाश, घोड्याचं खोगीर काढावं तशी, आणि बाजूच्या बाकावर नीट ठेवली. मग हात झटकले. त्यांचा चेहरा सैल झाला. पहिल्यांदा त्यांनी बाजरीच्या भिंतीकडे बघितलं. मातीच्या पेटीत बोट घातलं. "लई झ्याक केलंय की वहिनी," ते म्हणाले. "करा तुमी. खोलीचं काय न्हाई. मदतीला बाई मी देतो बगून, आपल्या बेलापूरची."

किल्ली आक्कांच्या कमरेलाच राहिली. मी ब्रश कानावर घेऊन शेवगावच्या स्टँडवर आलो आणि नगरच्या गाडीत बसलो. पाथर्डी येईपर्यंत मी आक्कांना दिलेल्या शिव्या छापण्यासारख्या नाहीत. करंजीच्या घाटात आणखी काही सुचल्या.

तिसऱ्या दिवशी गेनबा आमच्या घरी आला. माझा टी-स्क्वेअर, रंगांची पेटी आणि त्या गवारीच्या डागांसकट संगमनेरचा आराखडा घेऊन. उंबऱ्यात बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आक्कांचा निरोप हाय. म्हनल्या, राग धरू नको म्हनावं. टाकाऊ वस्तू पुढं करून कुनाचं समाधान हुत न्हाई. चांगली वस्तूच द्यावी लागती."

मी तिकडे तोंड फिरवलं.

"आनखी एक म्हनल्या," गेनबा म्हणाला.

"काय?"

"त्या गाढवाला नळीला हात लावायला कुनी सांगितलं हुतं, असं इचार म्हनल्या."

नगरात कुणी मला पुन्हा कामावर घेईना, कारण अडीच वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं की हा पोरगा चुका करतो. म्हणून पुण्याला आलो आणि इथेच प्रदर्शनं मांडत राहिलो. आक्कांची पाच दुकानं झाली, मग त्या परिसरातल्या कुठल्याही प्रदर्शनात त्यांचा स्टॉल नाही असं होईना. चार-पाच वर्षांनी कामानिमित्त संगमनेरला गेलो असताना मला तो स्टॉल दिसला. गर्दीतून वाट काढत मी वीस पावलांवर पोचलो. आक्का स्टॉलच्या अगदी पुढे, मधोमध उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, किल्ली कमरेला. येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड त्या बघत होत्या, अधाशासारख्या. शेजारी एक ठेंगणी बाई सूप घेऊन उभी. आणि भाऊजी, छातीवर हात बांधून, कुणातरी पाहुण्याला ठासून सांगत होते, "मी हुतो म्हनून दिसलं."

आक्कांची नजर माझ्यावर आली. ओळखलं त्यांनी. मान एवढीशी, कुणाला कळणार नाही इतकी, नकारार्थी हलली.

मी तिथूनच मागे फिरलो. एकदा काढलेली चूक पुन्हा मांडणीत दिसली असती, तर बाईने मला जिवंत सोडलं नसतं.